हिरव्या काचेचा गॉगल आणि तीन गिऱ्हाइकं

आमच्या बीडकडं नवरदेवाला गॉगल लागतो. बाशिंग हुकलं तर एक वेळ भटजी सांभाळून घेतील, पण गॉगल नसला तर नवरदेवाचे मित्र घोडा पुढं जाऊ देत नाहीत. लग्नं सगळी भर उन्हाळ्यातली, आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीपर्यंतची मिरवणूक, नेमकी ऊन तोंडावर आल्यावर निघणार. त्यामुळं गॉगल हा नुसता थाट नव्हता, गरजही होती.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि मला जुन्या गॉगलांचं वेड होतं. एकट्याचं असतं तर बायकोनं ते घरातल्या घरात उतरवलं असतं, पण आम्ही पाच-सहा जण होतो. बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक मामू होते. दर रविवारी त्यांच्या टपरीपुढं आमचा अड्डा भरायचा. कुणी आखातातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून, कुणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून गॉगल पैदा करायचा. खऱ्या काचेचा, धातूच्या बारीक काडीचा. मामू तो डोळ्याला भिंग लावून तपासायचे, स्क्रू घट्ट करून द्यायचे आणि चहा सांगायचे.

अड्ड्याचे रिवाज दोनच होते. गॉगल विकायचा नाही, फक्त बदलायचा. आणि बदलीत दिलेला गॉगल असला तरी मूळ मालकाच्या घरात लग्न निघालं, तर त्या दिवसापुरता तो बिनबोभाट परत द्यायचा. याला आम्ही लग्नाचा हक्क म्हणत होतो.

माझ्याकडं एक हिरव्या काचेचा, सोनेरी काडीचा गॉगल होता. माझ्या लग्नात मी तोच घातला होता. धाकटा भाऊ तेव्हा हाफ चड्डीत होता. घोड्याच्या पुढं नाचता नाचता तो मला म्हणाला, "दादा, माझ्या टायमाला हाच पाहिजे बरं का." मी हो म्हणालो. त्यानं ते लक्षात ठेवलं, आणि मी पुढं चांगली माती खाल्ली.

झालं असं की अड्ड्यावर आमच्यातलेच एक आप्पा होते. कापडाचे दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी एका रविवारी तपकिरी, जाड फ्रेमचा एक गॉगल आणला. अर्धं तोंड झाकणारा. मला तो बघता क्षणी हवासा झाला. मी हिरवा देऊन तो घेतला आणि ऐटीत घरी आलो. बायकोनं दारातच विचारलं, "वेल्डिंगचं काम धरलंत का?"

पुढच्या दोन-तीन वर्षांत देशाचा बाजार मोकळा झाला म्हणून पेपरात रोज छापून यायला लागलं. आम्हाला वाटलं, हे मुंबई-दिल्लीचं काहीतरी. पण एका रविवारी पुण्याचा एक माणूस सुटकेस घेऊन मामूंच्या टपरीवर उतरला. त्यानं आमचे गॉगल एकेक करून उन्हाला धरून पाहिले आणि म्हणाला, "हे अँटिक पीस आहेत." तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. नवा माल प्लास्टिकचा यायला लागला होता, म्हणून जुन्या काचेला मोल आलं म्हणे. त्यानं दोन गॉगल घेतले आणि एवढे पैसे दिले, की अड्ड्यानं ते दोनदा मोजले. मामू भिंग पुसत म्हणाले, "मास्टर, शौक की उमर खतम हो गई समझो."

मामूंचं खरं निघालं. पुढच्या रविवारी बदलीची भाषा कुणी काढली नाही. जो तो दुसऱ्याला विचारी, "तुझ्याकडच्याचं काय येईल बे?" गॉगल डोळ्यांवरून उतरून कापसात गेले. आप्पा तर अड्ड्यावर यायचेच बंद झाले. त्यांच्या दुकानात ब्लाउजपीसच्या शेजारी गॉगलांचा धंदा सुरू झाला.

आणि त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न ठरलं. मुलगी उमापूरची. सुपारी फुटली त्या दिवशी भावानं पहिली आठवण काढली ती गॉगलाची. मी आप्पांच्या दुकानात गेलो. हिरवा गॉगल गल्ल्याच्या खणात, पावतीपुस्तकांखाली पडला होता.

"आप्पा, लग्नाचा हक्क," मी हसत म्हणालो.

"मास्तर, ते अड्ड्यावर," आप्पा म्हणाले. "इथं दुकान हाय. घेत असाल तर सांगा, घरच्यासारखं लावतो."

घरच्यासारखं म्हणून त्यांनी जो भाव सांगितला, तो ऐकून मी सरळ बाहेर आलो. डोकं तापलं होतं. पण मी मास्तर पडलो, डोकं चालवल्याशिवाय राहवेना. विचार केला, गॉगलाची किंमतच पाडू. वेगवेगळी माणसं जाऊन त्याला नावं ठेवतील, आप्पांना वाटेल माल कुचकामी आहे, मग पडत्या भावात मी घेईन.

पहिल्यांदा शाळेतल्या सहकाऱ्याला पाठवलं. तो काच भुरकट आहे म्हणून आला. दुसऱ्या दिवशी मी सहज दुकानासमोरून गेलो, तर गॉगल खणातून निघून काचेच्या कपाटात बसला होता. मग उमापूरच्या गाडीवरचा माझ्या ओळखीचा कंडक्टर गेला. त्यानं काडी वाकडी आहे असं सांगून फुकटच्या भावात मागितला. गॉगलाखाली मखमल आली. मला वाटलं, आप्पा घाबरून नटवायला लागलेत, आता एकच धक्का पुरे. मी मेव्हण्याला धाडलं. तो तर दुकानात उभा राहून नाक मुरडून आला. त्या संध्याकाळी मखमलीवर छोटा बल्ब लागला.

मी विजयी चेहऱ्यानं दुकानात शिरलो. आप्पांनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"मास्तर, तुमच्यापासून काय लपवायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या हप्त्यात तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघं बी म्हणतेत खराब हाय. आता मला सांगा, खराब मालासाठी तीन माणसं पाय झिजवतेत व्हय? ह्यात लई दम हाय. भाव वाढवावा लागला."

मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार होतो? तिघांना मीच धाडलं होतं हे सांगितलं असतं, तर आप्पांनी भाव अजून वाढवला असता. इतकी गरज कुणाला आहे ते त्यांना कळलं असतं.

शेवटी माझे उरलेले चारही गॉगल मी त्यांच्यापुढं ठेवले, तो वेल्डिंगवाला धरून, आणि वर दोन महिन्यांचा पगार. माझ्या गॉगलांना आप्पांनी अड्ड्याच्या काळातला भाव लावला आणि स्वतःच्या गॉगलाला पुण्याचा. वर म्हणाले, "तुमच्याकडून नफा घेतला न्हाई बरं का."

लग्नाच्या दिवशी उमापुरात भाऊ घोड्यावर बसला. गॉगल मी स्वतः त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि घोड्याला चिकटून चालायला लागलो. तो मान वळवी, मी ओरडे, "हळू." तो घाम पुसायला हात नेई, मी ओरडे, "काचेला बोट लावू नको."

"दादा," तो दातांमधून म्हणाला, "मी लगीन करायला आलोय का तुमचा गॉगल पोचवायला?"

मारुती समोर दिसायला लागला आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडा बिचकला, भाऊ एका बाजूला कलला, गॉगल नाकावरून निसटला. मी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी झेलला. गॉगल. भावाला नवरीच्या मामानं झेललं.

बँड थांबला. भावानं फेटा सारखा केला. मी गॉगल पुसून वर धरला. त्यानं तो घेतला नाही.

"तुमचा तुमी सांभाळा," तो म्हणाला. "माझा मी सांभाळतो."

मित्रांनी बसस्टँडवर घेतलेले प्लास्टिकचे गॉगल पुढं केले, तेही त्यानं घेतले नाहीत. मारुतीपर्यंत तो तसाच, ऊन डोळ्यांत घेत गेला. अल्बममधल्या मारुतीसमोरच्या सगळ्या फोटोंत त्याचे डोळे मिटलेले आहेत. एका फोटोत कोपऱ्यात मी आहे, दोन्ही मुठी छातीशी धरून.

पंगतीला आप्पाही आले होते. जिलेबी मोडत त्यांनी विचारलं, "मास्तर, काच वाचली न्हवं? पुण्याचा माणूस येणार हाय परवा." मी पुढच्या पानाकडं वळलो. रागानं, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे किती देतोय, हे ओठावर आलं होतं.

गॉगल अजून माझ्या कपाटात आहे. त्यानंतर आमच्या भावकीत लग्नं झाली. मी दोनदा आपण होऊन विचारलं, गॉगल नेता का, पैसे नको. दोन्ही वेळा तेच ऐकलं, "राहू द्या दादा, स्टँडवर मिळतो."