आबांची सिगारेट

माझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दौंडच्या एका दवाखान्यात, माणसांनी भरलेल्या बाकांसमोर, त्यांनी नेमकं उलटं सांगितलं आणि मी ते सांगू दिलं.

एकोणीसशे सत्तरनंतरची ही गोष्ट. मी दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. दिवसाला दोन पाकिटं लागायची. चहाच्या आधी एक, चहाबरोबर एक. शेडकडे जाताना पुलाच्या पायऱ्या चढून धाप लागायची, म्हणून वर दम खायला थांबायचो आणि थांबलोच आहे तर आणखी एक. असा शहाणा मी.

आबा शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत. आमच्या बौद्ध वस्तीत कुणाचंही लग्न असो, पंचशील द्यायचं ते आबांनीच. ते एकेक शील म्हणायचे आणि सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. लोकांकडून वदवून घ्यायचं तर आधी आपण पाळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आमच्याकडे तसंही वडिलांदेखत कुणी ओढत नाही. आबांना माझं सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, पण दोघांनीही कधी त्यावर अवाक्षर काढलं नाही. ते क्वार्टरवर राहायला आले की दारात शिरण्याआधी बाहेरूनच मोठ्यानं खाकरायचे. तेवढ्यात मी सिगारेट विझवून पेपर उघडून बसायचो.

एका हिवाळ्यात ते महिनाभर राहिले. त्यांचं खाकरणं वाढलं. मनात म्हटलं, आबा फारच सांभाळून घेतात आपल्याला. ते पडवीत खाकरले की मी विझवायचो, जरा वेळानं पुन्हा पेटवायचो. खोली एकच, आणि थंडीमुळे खिडक्या बंद. पंधरा दिवस हे असंच चाललं. शेवटी बायकोच माझ्या अंगावर ओरडली, "अवो, आबा खाकरत न्हाईत, खोकत्यात!" जाऊन पाहिलं तर आबा भिंतीला धरून उभे होते आणि त्यांना श्वास पुरत नव्हता.

दवाखान्यात नेताना माझा गरम कोट त्यांच्या अंगावर घातला. डॉक्टर छाती तपासायला वाकले आणि त्यांनी नाक आक्रसलं. "बाबा, दिवसाला किती ओढता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कोट माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. वडिलांसमोर कसं म्हणायचं, ही सबब मी तिथंही मनाशी पुढे केली. खरं म्हणजे मी भ्यालो.

"वढतो, सायेब," आबा म्हणाले. "दोन पाकिटं."

डॉक्टर तापले. "या वयात? फुप्फुसं जातात, रक्तवाहिन्या आखडतात, उद्या हृदयावर येईल. घरातले बाकीचेही तोच धूर घेतात. आज सोडलीत तर थोड्या दिवसांत तोंडाला चव येईल, काही महिन्यांत खोकला कमी होईल, चढ चढताना तुमचं तुम्हालाच कळेल. पोरगा बिचारा रजा टाकून घेऊन आलाय. त्याची तरी लाज धरा!"

बाकांवरची माणसं आबांकडे बघत होती. आबांनी हात जोडले. "सोडतो, सायेब."

रस्त्यानं ते माझाच कोट अंगाशी ओढून घेत चालत राहिले. त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी सिगारेट सोडली. पहिले दिवस फार वाईट गेले. बायकोवर खेकसलो, शेडमध्ये भांडलो, बडीशेप चघळून जीभ सोलून घेतली, दोनदा चोरून ओढली आणि पुन्हा सोडली. मग हळूहळू मेथीला मेथीची चव लागू लागली. सकाळचा खोकला गेला. एक दिवस पूल ओलांडून पलीकडे उतरल्यावर ध्यानात आलं की आज आपण वर थांबलोच नाही. फार आनंद झाला. तो सांगायचा तर आबांनाच.

उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेलो. माझ्या घरातून निघाल्यावर महिन्याभरात आबांचा खोकला थांबला होता. पण पंचशील द्यायला ते उठेनात. दौंडहून आल्यापासून त्यांनी कुठल्याच लग्नात दिलं नाही, असं चुलते म्हणाले. मी आबांना मांडवाबाहेर नेलं.

"आबा, सोडली मी. पाच महिने झाले."

"लई ब्येस झालं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जीव वाचला तुझा."

"मग उठा की आता."

"सिगारेट तू सोडलीस. खोटं मी बोललोय, आन् चारचौघांत बोललोय. चौथं शील द्यायला जीभ रेटत न्हाई."

"माझ्यासाठी बोललात, आबा."

"व्हय. म्हणून काय ते खरं झालं?"

मांडवात उभं राहून मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण माझ्या सासरवाडीची माणसं होती, शेडमधले दोघं आले होते. मी बसून राहिलो. दुसऱ्या गावच्या एका गुरुजींनी पंचशील दिलं. आबा माझ्या शेजारी हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणत होते. तीन शीलं म्हणाले. चौथं सगळा मांडव म्हणाला. मीसुद्धा म्हणालो, न खोकता, एका दमात. आबा गप्प होते.