डावी भुवई

शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण विद्यार्थ्यांना आठवते ती माझी डावी भुवई. वही घरी राहिली असं कुणी सांगू लागला की ती आपोआप वर चढायची आणि समोरचा अर्ध्यातच खरं बोलून मोकळा व्हायचा. निवृत्तीनंतर मी ती सत्कार, उद्घाटनं आणि लोकार्पणं यांच्यासाठी राखून ठेवली होती. वक्ता "मी फार वेळ घेणार नाही" म्हणाला की ती उठे. बायकोच्या मते कार्यक्रमाला मुळात भुवईच जायची, मी नुसता सोबतीला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. डोळा मिटत नव्हता. भुवई होती जागेवर, पण हलायला तयार नव्हती. बायकोनं निरखून पाहिलं आणि ती एवढंच म्हणाली, "वारं गेलं जी तोंडावरून." तिचं माहेर आष्टीचं. घाबरली की ती माहेरचं बोलते.

मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायला थेंब दिले, झोपताना डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. बहुतेकांचा चेहरा परत येतो, म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासत आलेला माणूस मी. घरी आलो तो त्यांचा 'बहुतेक' तेवढा घेऊन.

पिपरी मेघेत आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी पारव्याच्या रक्ताचा उपाय सुचवला. एरवी भुवईनं तिथल्या तिथे निकाल लावला असता. ती उठली नाही, तेव्हा त्यांना वाटलं मला पटलं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत जिवंत पारवा घेऊन दारात हजर. तो मी गच्चीवरून सोडून दिला.

त्या आठवड्यांत मला एक भलताच शोध लागला. टीव्हीवर एका पुढाऱ्याचं भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं. शंका आली होती, पण चेहऱ्यावर उमटायला तिला जागाच मिळेना, आणि थोड्या वेळानं ती निघून गेली. रागाचं तेच. अर्ध्या चेहऱ्यानं धड रागावता येत नाही. आनंदही यायचा तो दारातूनच परत जायचा. तेव्हा मात्र मी घाबरलो. चेहरा गेला ते गेलाच, पण त्याच्यामागून माणूसही निघाला होता.

व्यायाम शिकवायला जी फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, तिचा नियम साधा होता. भुवया वर, डोळे घट्ट, गाल फुगवा, शीळ घाला, आणि मनात असो नसो, हसा. चेहरा हसला की मन मागून येतं, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं की चेहरा हा मनाचा शिपाई असतो, साहेब पाठवेल तिथेच जातो.

ती माझा गाल वर ओढत म्हणाली, "काका, साहेब तर तीन हप्त्यांपासून रजेवर हाये. शिपायालेच कामाले लावू."

मी लावला. रोज सकाळी वीस मिनिटं आरशासमोर उजव्या बाजूनं हसायचो आणि डाव्या बाजूची वाट पाहायचो. एकदा बायको चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि तिनं शांतपणे विचारलं, "हसून राह्यले का रडून राह्यले?" मला खरंच हसू आलं. अर्धंच आलं, वाकडं आलं, पण दिवसभर पुरलं. मग ते रोज येऊ लागलं, आधी ठरवून, नंतर न ठरवता. साहेब कामावर रुजू झाल्याचं मला मान्य करावं लागलं. कटकट एवढीच की त्या मुलीचं म्हणणं खरं ठरलं होतं.

दोन महिन्यांत डोळा मिटू लागला, ओठाचा कोपरा सरळ झाला. फक्त भुवई येईना. कधी कधी एवढं राहून जातं, मुलगी म्हणाली. तोवर मी भेटेल त्याच्याकडे पाहून हसायला लागलो होतो आणि आजारानं माणूस सुधारला, असं गल्लीत सगळ्यांचं मत झालं होतं. बायकोचं तेवढं नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले तो जुनाच पाहिजे."

मग सेलूच्या माझ्या जुन्या शाळेतून थंड पाण्याच्या यंत्राच्या लोकार्पणाचं बोलावणं आलं. यंत्राला दोन नळ होते. मंचावर अकरा खुर्च्या होत्या. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, शाल-श्रीफळ झालं, आणि मी फार वेळ घेणार नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मी पहिल्या रांगेत, बायको डावीकडे. सवयीनं मी मंद हसत होतो.

भगीरथानं गंगा आणली आणि आम्ही हे यंत्र आणलं, असं पाहुणे म्हणाले. इथवर मी सहन केलं. मग त्यांनी हात उंचावला. "या दोन नळांमधून, बंधूंनो, उद्याचा इतिहास वाहणार आहे!"

कपाळात काहीतरी खेचल्यासारखं झालं. बायकोचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. "उठली," ती कानाशी म्हणाली. "अवो, उठली ना जी."

मी बोट लावून पाहिलं. वरच होती. थोडी थरथरत होती, तीन महिन्यांनी उभ्या राहिलेल्या माणसासारखी, पण वर होती. मी टाळ्या वाजवायला लागलो. मनापासून, जोरात, एकटा. मग बायको वाजवू लागली, मागून मुलांनीही टाळ्या धरल्या आणि सगळा मांडव वाजू लागला. पाहुणे थांबले, गहिवरले, त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. श्रोत्यांच्या या प्रेमापुढे आपल्याला आवरतं घेता येणार नाही, म्हणाले.

ते आणखी चाळीस मिनिटं बोलले. भुवई एकदाही खाली आली नाही.