तीन दिवसांचा केर

आमच्या डोंगरातल्या गावात फिरायला आलेले पाहुणे घरोघरी पाळीनं वाटतात. गाडी वर आली की कुणाची पाळी ते छुलटिम सांगतो आणि बॅगा त्या घरात जातात. गावच्या समितीचा प्रमुख तोच, त्यामुळे भांडणं होत नाहीत. म्हाताऱ्या देकित आबीची पाळी असली की ती सकाळपासून छतावर उभी असते. विचारलं तर म्हणते, मटार वाळवतेय. मटार केव्हाच वाळून गोणीत गेलेले असतात.

पाहुण्यांना तिच्याशी काही घेणंदेणं नसतं. ते बघायला येतात. गोम्पा, तळं, डोंगरात सापडणारे दगड झालेले शंख, एखादा याक. उजाडताच निघतात, दमून परततात, शेवयांचा गरम थुक्पा पितात आणि झोपतात. भिंतीला कान लावून आबी त्यांचं घोरणं ऐकत बसते, अशी शेजारणी तिची टिंगल करतात. ते खोटं नाही. एकट्या बाईला घोरण्याचीही सोबत होते.

ती एकटी पडली त्याला नऊ वर्षं झाली. मुलगी, पलझिन, नोकरीसाठी कुल्लूला निघाली, त्याच दुपारी घरात पाहुणे यायचे होते. घरचं माणूस प्रवासाला निघालं की तीन दिवस घरात झाडू फिरवायचा नाही, नाहीतर त्याची परतीची वाट पुसली जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आबीलाही होतं. पण पाहुण्यांच्या धास्तीनं तिनं जीप वळणाआड जाताच झाडू घेतला. पलझिननं तिकडेच लग्न केलं, सफरचंदांच्या बागेत रमली. लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, फोन करते. गावात पाऊल म्हणून ठेवलं नाही. आबी दोष झाडूला देते, मुलीला नाही.

या वर्षी खिंड बंद व्हायच्या बेतात असताना तिच्या पाळीला कोलकात्याच्या चार मुली आल्या. त्यातली मौली आल्या आल्या आडवी झाली. उंची बाधली होती. दवाखान्यातल्या बाईंनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, पडून राहा. मैत्रिणींना तिनंच बळेबळे फिरायला पाठवलं.

मग दोन दिवस आबीनं तिला लसणाचं सूप पाजलं, तळवे चोळले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत राहिली. नऊ वर्षांचं साठलेलं. त्या पोरीनं तिचं नाव विचारलं, पलझिनचा फोटो मागून घेतला, आईला म्हणावं तसं आमा म्हणाली. बाकीचे सगळे आंटी म्हणतात, तेही गरम पाणी हवं असलं की.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबी वाटेसाठी रोट्या भाजत होती. खोलीत मौलीची बराच वेळ खुडबुड चालली होती. निघताना ती आबीच्या गळ्यात पडली.

"मी काहीच बघितलं नाही, आमा. सगळं राहिलं. आता परत यावंच लागणार."

गाडी गेली. आबी आत आली, खोलीकडे न बघता तिनं दार ओढून कडी घातली. या खेपेला चूक करायची नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सहाजणांची एक गाडी आली. बाकीच्या घरांनी पाहुण्यांच्या खोल्यांत हिवाळ्याचं गवत आणि शेण्या भरून टाकल्या होत्या. छुलटिम आबीच्या दारात आला.

"आबी, खोली उघड. माणसं थंडीत उभी आहेत."

"परवापर्यंत नाही. झाडायची नाहीये."

"अगं, केर घरच्या माणसासाठी राखतात. ती पोरगी कोण तुझी?"

"तू कोण रे विचारणारा?"

"पाहुणे नाकारलेस तर पुढच्या वर्षी पाळीच्या यादीतून तुझं नाव कापलं जाईल. हा नियम मी एकटा बदलू शकत नाही."

पुढच्या वर्षी नाव नाही म्हणजे दारात बॅगा नाहीत, भिंतीपलीकडे घोरणं नाही, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. ती कडीला पाठ लावून उभी राहिली. शेवटी छुलटिमनं त्या सहाजणांना स्वतःच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं झोपवलं. मनातून त्यालाही वाईट वाटलं, पण यादीतून तिचं नाव काढलंच.

चौथ्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. आबीनं कडी काढली.

ब्लँकेटांच्या घड्या एकावर एक रचलेल्या होत्या. जमीन लख्ख होती. झाडू दारामागे नीट उभा होता आणि कोपऱ्यात वर्तमानपत्राची एक पुडी होती. केर कुठे टाकायचा ते माहीत नसल्यानं पोरीनं तो बांधून ठेवला होता. चांगल्या घरातली पोर. जाण्याआधी खोली झाडून गेली होती.

आबी बराच वेळ उंबऱ्यात बसली. जाणाऱ्यानंच झाडलं तर काय होतं, हे तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. विचारावं तर घरात कुणी नव्हतं.

मग ती उठली, पुडी सोडली. बिस्किटाचा चुरा, गोळ्यांचं रिकामं पाकीट, बुटांची माती, एक लांब केस. तिनं ते सगळं मुठीमुठीनं पुन्हा जमिनीवर पसरलं, अगदी पलंगाखालीसुद्धा. बाहेर आली, दार ओढलं आणि पुन्हा तीन दिवसांसाठी कडी घातली.