वसंतमामांचा अर्धा डाव

वसंतमामा गेले हे मला आधी खाटेवरून कळलं. परळच्या हॉस्पिटलात त्यांना ऑपरेशनसाठी खाली नेलं होतं आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. पाय मोकळे करायला उठले, सहज आत डोकावले, तर त्यांच्या खाटेवरची चादर बदललेली. दुसऱ्या वॉर्डात हलवणार असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मग त्यांचा भाचा प्रकाश जिना चढून आला आणि डोकं धरून माझ्या शेजारी बसला. माझ्या हातात मामांचा मोबाइल होता, त्यावर त्यांचा विटांच्या खेळाचा डाव अर्धवट होता... याला आता दीड महिना होईल. अजून माझा शीण गेलेला नाही.

मामा माझे सख्खे कुणी नव्हेत. काळाचौकीला आमच्या चाळीत तळमजल्यावर एकटे राहायचे. ते मालवणकडचे, आम्ही घाटावरचे. गिरणीत ते बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी मागावर उभं राहायचं, आणि तो परतला की पुन्हा आपलं गेट. चहा प्यायलासुद्धा ते गेटवरून हलत नसत. जागा सोडली की गेली, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. पर्मनंट व्हायची चिन्हं दिसायला लागली आणि संप झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, मी पुन्हा उगाळत बसत नाही.

संपानंतर चाळीतलं कुणी भाजी विकायला लागलं, कुणी गाव गाठलं. मामांनी काही वर्षं मिळेल ते केलं आणि मग कुठूनसं एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणून खोलीत बसवलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, त्याला काच, दांडी आणि दोन बटणं. पोरं नाणं टाकून खेळायची, आणि आतला खेळ मामा अधूनमधून बदलून आणत. ते तापलं की खोलीभर गरम धुळीचा वास सुटायचा. रात्री त्याच्याच पायाशी चटई टाकून मामा झोपायचे. गिरणी गेली आणि खोकं आलं, असं माझे वडील खवटपणे म्हणायचे. पोरं बिघडली म्हणून आया मामांच्या नावानं बोटं मोडायच्या. शाळेच्या वेळात मामा दाराला कडी घालत, पण ते कुणी लक्षात घेत नसे.

माझा मुलगा आज गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. जग बदलून टाकणारे खेळ कोणते यावर तो आणि त्याचे मित्र तासन्‌तास वाद घालतात... कोणत्या खेळानं सिनेमा बदलला, कोणत्या खेळानं मुलांना कॉम्प्युटरकडे वळवलं. मी भाजी निवडत ऐकते. त्यातले निम्मे खेळ मी मामांच्या खोलीत पाहिलेत, फक्त आमच्याकडे त्यांचं बारसं वेगळं झालं होतं. वरून विमानं उतरतात तो विमानवाला, गोल तोंडानं ठिपके खातो तो ठिपकेवाला, आणि वरून पडणाऱ्या विटा ओळीत बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी, असा मागाहून आला तो विटावाला, माझा. जग बदललं की नाही मला माहीत नाही, पण चाळीची बोली बदलली. वडील संपाच्या गोष्टी काढून, तेव्हा असं केलं असतं तर, तसं केलं असतं तर, असं म्हणायला लागले की शेजारचे नाना म्हणत, “अण्णा, आपल्याला तीन-तीन लाइफ नाय भेटत.” आणि दोघंही तंबाखू मळायला घ्यायचे.

एका वर्षी गणपतीत आमच्या मंडळानं देखावा केला, व्हिडिओ गेमच्या राक्षसाच्या तावडीतून बाप्पा मुलांना सोडवतोय असा. राक्षसाच्या पोटात ठेवायला खरं मशीन हवं होतं. कार्यकर्ते चाचरत मामांकडे आले. मामांनी मशीन तर दिलंच, वर सगळे दिवस मंडपात राक्षसामागे बसून ते चालूबंदही केलं. विसर्जनानंतर त्यांच्याकडे पोरांची गर्दी दुप्पट झाली. त्या गोष्टीवर आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसलो.

त्या गर्दीत मुलगी मी एकटीच. संध्याकाळी नळाला पाणी यायचं ते नेमकं माझा डाव रंगात आला की. मुलांना पाण्यासाठी कुणी हाका मारत नसे. माझी आई मात्र गॅलरीतून अख्खी चाळ ऐकेल अशी ओरडायची. त्या मशीनला थांबवायची सोय नव्हती. हात सोडला की विटा वरपर्यंत चढणार आणि खेळ खलास. एकदा मला रडूच फुटलं. मामा स्टुलावरून उठले, माझ्या हातातली दांडी घेतली आणि म्हणाले, “जा गो कुंदा. मी आसंय हंय.” म्हणजे मी आहे इथे. हंडे-कळश्या भरून मी धापा टाकत परत आले, तर डाव जिवंत होता. मामा लगेच बाजूला झाले. मग ते रोजचंच झालं. त्यांचे नियम ठरलेले होते. बदलीवाल्यानं आपला नवा डाव मांडायचा नाही, मुद्दाम हरायचं नाही, आणि ज्याचा डाव तो परत येईपर्यंत उठायचं नाही. आमच्या एका खोलीत माझं म्हणून काहीच नव्हतं, कपाटातला खणसुद्धा नाही. तो डाव माझा होता आणि माझ्यामागे कुणीतरी तो राखत होतं. मला त्या माणसाची माया लागली ती तिथे.

पुढे हाणामारीचे खेळ आले, दादरला थंडगार पार्लरं निघाली, पोरं तिकडे गेली. मशीन भंगारात गेलं. माझं लग्न झालं. म्हातारपणी मामा परळला प्रकाशकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना मोबाइल दिला आणि त्यावर विटांचा खेळ घालून दिला. डाव हवा तिथे थांबवायचं बटण दाखवलं, तर नाक मुरडून म्हणाले, “मगे ह्येका माणसाची गरजच नाय.” ते बटण त्यांनी कधी दाबलं नाही.

हॉस्पिटलात ते ऑपरेशनला जाईनात. खाट सोडली की दुसरा येऊन बसेल, ही धास्ती. डॉक्टरांनी समजावलं, प्रकाश चिडला, शेवटी हात जोडून झाले. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती, आणि एकदा तर ट्रॉली रिकामी परत गेली. पुन्हा ट्रॉली आली तेव्हाही मामा मोबाइलवरून नजर काढीनात. “डाव अर्धो आसा,” एवढंच म्हणाले. काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या हातून मोबाइल घेतला, खाटेच्या कडेवर बसले आणि जन्मात कधी बोलले नव्हते ते मालवणी बोलले. “जावा मामा. मी आसंय हंय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुमान ट्रॉलीवर चढले.

ट्रॉली गेल्यावर नर्सनं मला खाटेवरून उठवून बाहेरच्या बाकावर बसायला लावलं. मी खेळत राहिले.

तो डाव अजून चालू आहे. संध्याकाळी गॅसवर दूध ठेवलं की मी चार-दोन ओळी लावते आणि थांबवायचं बटण दाबते. एवढं एक मामांच्या मनाविरुद्ध करते. मुलगा म्हणतो, आई, विटा पार वर आल्यात, हा संपव आणि नवा सुरू कर. त्याला काय सांगणार... दूध वर येतं. मी गॅस बंद करते आणि मोबाइल उचलून फडताळात ठेवते. मामांनी काही मला उठ म्हटलेलं नाही.