वरच्या ओळीतलं नाव

मनोहरबद्दल लिहा, असं दोघातिघांनी सुचवलं तेव्हा मी डोळ्यांचं निमित्त पुढे केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लिहवत नाही, असं सांगितलं. डोळे ठीक आहेत. मनोहरबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी इतकी वर्षं टाळत आलो. बायकोलाही सांगितली नव्हती. आता तो जाऊन महिना उलटला. परक्यांना थोडी सांगून झाली, पण आणखी टाळली तर उरलेली माझ्याबरोबरच जाईल.

बातमी आली तेव्हा मी रायपूरच्या पंडरी बाजारात पडद्यांचं कापड बघत होतो. त्याच्या मुलीचा, पल्लवीचा फोन. "काका, पापा चले गए," एवढंच म्हणाली. दुकानदार पुढचा गठ्ठा उलगडत होता, त्याला मी हातानेच थांबवलं... शंकर नगरला त्याच्या घरी जाऊन, सगळं आटोपून दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि संगणकावर आमचा फोरम उघडला. घरबसल्या हौसेने खेळ बनवणाऱ्या जगभरच्या लोकांची ती चावडी. पल्लवीने तिथे दोन ओळी टाकल्या होत्या. त्याखाली ब्राझीलहून, इंडोनेशियातून, ढाक्याहून निरोप येत होते. कुणी लिहिलं होतं, माझा पहिला खेळ याच माणसामुळे पुरा झाला. मी वाचत गेलो आणि माझ्या मनात आलं, माझ्यासाठी एवढे लोक लिहितील का? मित्राची राख अजून गरम होती. हे लपवलं तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो.

आम्ही दोघेही विदर्भातले. तो भंडाऱ्याकडचा, मी अमरावतीचा. नोकरीसाठी रायपूरला आलो आणि तात्यापाऱ्यात एका भिंतीआड भाड्याने राहिलो. तो सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, भट्टीचं तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं सांभाळायचा. मी सरकारी खात्यात नकाशे काढायचो. पुढे त्याने शंकर नगरात घर बांधलं, मी तात्यापाऱ्यातच राहिलो, पण रविवार सकाळ चुकली नाही. तो यायचा, माझी बायको चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, करायची, आणि बाराच्या ठोक्याला तो स्कूटर काढायचा.

या छंदात त्याला मीच आणलं. हे मला पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं, आणि तिथेच माझा रोग आहे. माझा मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना संगणक घरी राहिला, आणि त्यात खेळ बनवायचं एक सॉफ्टवेअर होतं. एक नायक गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, कामं पार पाडतो, लढाया करतो, अशा प्रकारचे खेळ. गाव उभं करायला लहान लहान चौकोनी चित्रं लागतात, फरशा जोडाव्यात तशी. मी ती काढू लागलो. कौलारू छपरं, तलावाचा घाट, तुळशीचा चौरा, आठवडी बाजारातल्या पाट्या. नोकरीत आयुष्यभर नाल्या आणि पुलिया काढल्या होत्या. इथे पहिल्यांदाच मनासारखं काही काढत होतो. ती फोरमवर फुकट टाकायचो. तिथला रिवाजच तसा आहे. ज्याला जे जमतं ते त्याने मांडावं, आणि वापरणाऱ्याने आपल्या खेळाच्या शेवटी त्याचं नाव लिहावं. एवढीच मजुरी.

एका रविवारी मनोहर माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"काय करून राहिला बे हे? पोट्ट्यायचे खेळ?"

"बस. पाहा."

तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "तुयं गाव मस्त आहे, शरद्या. पण तुयी माणसं बोबडी काहून बोलून राहिली?"

खरंच होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस बोलतो तेव्हा अक्षरं एकामागून एक उमटतात. इंग्रजीत छान दिसतं. मराठी घातली की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि जोडाक्षराचे तुकडे व्हायचे. मी तो दोष पत्करून माझ्या बहुतेक माणसांना मुकंच ठेवायला लागलो होतो. मनोहरने सॉफ्टवेअर घरी नेलं. त्यात आपल्या हाताने जादा सूचना लिहून घालता येतात, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. प्रोग्रॅमिंग तो कुठे शिकला नव्हता, पण यंत्राला टप्प्याटप्प्याने कसं सांगायचं हे त्याच्या हाडात होतं. पुढे कितीतरी रविवार तो पेनड्राइव्ह घेऊन यायचा, माझ्या गावात आपली स्क्रिप्ट लावून बघायचा, चूक सापडली की "धत्" म्हणायचा आणि चीला खाऊन परत जायचा. शेवटी एका रविवारी माझ्या घाटावरची बाई पहिल्यांदा नीट बोलली. "कुठून आले, पाव्हणे?" अख्खं वाक्य, वेलांटीसकट. माझी बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. मनोहरने दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि नुसता हसत राहिला.

त्याने ती स्क्रिप्ट फोरमवर टाकली. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिणारा आपलं नाव टाकतो. त्याने टाकलं, मनोहर, रायपूर. मला म्हणाला, "प्लांटात इतकी वर्षं काय काय बनवलं, शरद्या, सगळ्यावर कंपनीचा शिक्का. हे पहिलं, ज्याच्यावर मायं नाव आहे." पाहता पाहता बंगाली, तमिळ, नेपाळी, थाई लोक ती वापरू लागले, कारण त्यांचंही तेच दुखणं होतं. त्यांच्या खेळांच्या शेवटी मनोहर, रायपूर असं नाव सरकत जायचं. तो मला ते दर रविवारी दाखवायचा. पोरासारखा.

माझ्या चित्रांखाली लोक लिहायचे, छान आहेत.

मत्सर काय असतो ते मला म्हातारपणी कळलं. तरुणपणी पगार, बढती, घर या बाबतीत तो पुढे गेला, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण ही माझी जागा होती. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि लोक त्यालाच घरमालक समजू लागले. कुणी त्याची स्तुती केली की मी खाली लिहायचो, "आम्ही दोघे मित्र आहोत." त्यावर कुणी काही म्हणत नसे.

मग ते प्रकरण झालं. परदेशातल्या एकाने तक्रार केली की ही स्क्रिप्ट चोरीची आहे. पुरावा म्हणून त्याने आपल्याकडची तीच स्क्रिप्ट दाखवली, मनोहरच्या फोरमवरच्या तारखेच्या आधीची. झालं असं होतं की मनोहरने अर्धवट असतानाच ती दुसऱ्या एका लहानशा साइटवर टाकली होती. तिथून त्या माणसाने उचलली, आपलं नाव लावलं, आणि ती साइट पुढे बंद पडली. फोरम चालवणारे सभ्य लोक होते. त्यांनी मनोहरला लिहिलं, तुमच्या जुन्या आवृत्त्या दाखवा, कच्च्या असल्या तरी चालतील, आम्ही समजून घेऊ.

मनोहरकडे एकही नव्हती. ती त्याची कारखान्यातली सवय. तिथे यंत्राच्या जोडणीचा नवीन नकाशा आला की जुना तिथल्या तिथे फाडायचा. नाहीतर एखादा जुन्यावरून वायर जोडतो आणि जीव जातो. घरीही तो तसाच वागे. नवीन आवृत्ती लिहिली की जुनी पुसली. "जुनं काहून ठेवाचं? चुकाच तर आहेत त्याच्यात."

माझी सवय उलटी. आमच्या खात्यात नकाशा कितीदाही बदलो, जुना ठेवायचा, त्यावर अ, ब, क असं लिहायचं, कारण केव्हा कोण विचारेल सांगता येत नाही. मनोहर पेनड्राइव्ह लावायचा तेव्हा मी त्याची प्रत माझ्याकडे उतरवून घ्यायचो. मुद्दाम असं काही नव्हतं, हाताला वळणच तसं होतं. पहिल्या फसलेल्या प्रयत्नापासून सगळं माझ्याकडे होतं. अ, ब, क, तारखांसकट.

त्या रविवारी तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "शरद्या, तुयाकडे असतीन ना बे जुन्या फाइली? तू ठेवते."

माझी बायको तवा तापवत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. मी म्हणालो, "नाही गड्या. मधात कॉम्प्युटर फॉरमॅट केला, त्यात गेलं सगळं."

इतकं सोपं होतं ते. मला घसा खाकरावाही लागला नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हव," म्हणाला. छत्तीसगढी होकार, त्याच्या तोंडात कायमचा बसलेला. मग चीला खाल्ला, चटणी पुन्हा मागून घेतली आणि बाराला गेला. फोरमवाल्यांनी काही दिवस वाट पाहिली. स्क्रिप्ट ठेवली, कारण लोकांना ती हवी होती, पण वरच्या ओळीतलं नाव काढून तिथे लिहिलं, लेखक अनिश्चित. लोकांनीही आपापल्या खेळांतून त्याचं नाव काढलं. त्याच आठवड्यात माझी बाजाराची चित्रं फोरमच्या पहिल्या पानावर झळकली. मला आनंद झाला... तो खरा आनंद होता, हेही नमूद करतो.

मला वाटलं होतं, तो सोडून देईल. तो नव्या पोरांच्या अडचणी सोडवत राहिला, नवीन स्क्रिप्टा टाकत राहिला, फक्त पहिली ओळ कोरी ठेवू लागला. कुणी विचारलं तर लिहायचा, वापरा, नावाची गरज नाही. मी एकदा डिवचलं, "मोठा संत झाला बे तू."

"संत कायचा. नाव लिहिलं का पुन्हा कोणीतरी पुरावा मांगते. कोण झंझटमध्ये पडते?"

आणि गंमत पाहा, मला त्या कोऱ्या ओळीचाही हेवा वाटला. नाव नसताना लोक त्याला ओळखत होते. माझं नाव प्रत्येक चित्रावर होतं.

तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्या फाइली फोरमवर चढवल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे घडलं ते लिहिलं. त्यांनी पडताळून वरच्या ओळीत त्याचं नाव परत घातलं. मला काहींनी कडक शब्दांत सुनावलं. त्यांचं बरोबरच आहे. पल्लवीचा फोन आला. मी मराठीत बोलत होतो, ती नेहमीसारखी हिंदीत. "काका, ये आपने पापा के रहते क्यों नहीं किया?" मी काहीतरी बोललो. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही.

आता शेवटच्या भेटीचं. दुपार होती. त्याच्या खोलीत संगणक चालू होता, पण त्याचे हात थरथरायला लागल्यापासून तो फक्त बघायचा. पडद्यावर कुणा नवशिक्याचा खेळ होता, आणि त्यातलं माणूस चुकीच्या दिशेला तोंड करून चालत होतं. मनोहर म्हणाला, "पाह्य, भिंतीकडे तोंड करून राहिलं बिचारं. तुयासारखं." मी हसलो. नलिनीवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना तो म्हणाला, "नलू, या शरद्यानं जिंदगीत कागदाचा कपटा नाही फेकला. याच्या घरी पहिल्या नोकरीची पेन्सिल असंन."

असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. उत्सुकतेने, यंत्रावरचा काटा कुठवर चढतो ते बघावं तसं. तेव्हा मला कळलं की त्या रविवारीही त्याला कळलं होतं. वहिनी कप ठेवून बाहेर गेल्या. त्याने मला वेळ दिला. खूप वेळ दिला. माझं वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं तयारच होतं: मन्या, फाइली माझ्याकडे होत्या, मी खोटं बोललो, तुझं बरं चाललेलं मला बघवलं नाही, माफ कर.

"बोल ना बे," तो म्हणाला.

मी म्हणालो, "चहा गोड झाला जरा."