हसत हसत केलेली तक्रार

आमच्या आत्याची जीभ म्हणजे पाण्याचा उघडा नळ. आत्याचे यजमान गेले, मुलगी अजून शाळेत, म्हणून ती परदेशी घरकामाला निघाली, तेव्हा माझ्या आईला एकच घोर लागला. "वन्सं, तिकडे तुम्हाला बोलायला कोण मिळणार?"

कोणीच मिळालं नाही. मालकिणीने पहिल्याच दिवशी पासपोर्ट आणि मोबाईल "नीट ठेवते" म्हणून कपाटात घातला. तीन मजल्यांचे जिने पुसायचे, ढीगभर इस्त्री करायची, पण फाटकाबाहेर पाऊल टाकायची बंदी. सुट्टीचं नाव नाही. आत्या मग कपडे धुण्याच्या मशीनशीच बोलायची. "निदान ते गुरगुरतं तरी!" असं ती आता सांगते.

घरी फोन यायचा तो मालकिणीच्या देखत. "बरी आहे, ठेवते." झालं. दोनदा असं झाल्यावर आईने फोनकडे टक लावून पाहिलं. "नुसतं 'बरी आहे' म्हणून ठेवणारी बाई आमची वन्सं नव्हे. काहीतरी पाणी मुरतंय."

परदेशी गेलेल्या कामगारांसाठी सरकारी कार्यालय आहे, तिथे आई जाऊन बसली. साहेब म्हणाले, "पण त्या तर बरी आहे म्हणतात." आई म्हणाली, "तीच तर तक्रार आहे!" साहेब हसले, पण त्यांनी वकिलातीला कळवलं.

काही दिवसांनी वकिलातीतल्या मॅडम त्या घरी चौकशीला आल्या. मालकिणीने तोंडभर कौतुक केलं. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली आणि मॅडम मराठीत म्हणाल्या, "कशा आहात ताई?"

आत्याने ट्रे टेबलावर ठेवला. मालकीण रोखून बघत होती, पण तिला मराठीचा गंध नव्हता. आत्याने कानापर्यंत हसू ताणलं आणि साखर विचारावी तशा सुरात म्हणाली, "मॅडम, ही मला कोंडून ठेवते. पासपोर्ट वरच्या कपाटात आहे. बिस्कीट घ्या ना."

मॅडमही तशाच हसल्या. "चहा फक्कड झालाय. माझ्याबरोबर आत्ता येता का?"

"येते की! अजून एक बिस्कीट?"

"बघा, किती खूश आहे!" मालकीण म्हणाली.

मॅडमनी कप खाली ठेवला आणि तिच्या भाषेत, कायद्याचा हवाला देत, शांतपणे पासपोर्ट मागितला. मालकिणीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने नवऱ्याला फोन लावला. कायद्याचं नाव ऐकून त्याने गुपचूप देऊन टाकायला सांगितलं. आत्या पिशवी घेऊन अशी सुटली, की चपला तिथेच राहिल्या.

वकिलातीने तिला बायकांच्या निवाऱ्यात ठेवलं. तिथे इतक्या दिवसांचं तुंबलेलं बोलणं बाहेर पडलं. सांभाळणाऱ्या बाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, मध्ये श्वास घेत जा हो!" मॅडमनी अडकलेला पगार मिळवून दिला आणि विचारलं, "घरी पाठवू?" आत्या म्हणाली, "नको. चांगलं घर बघा, काम करायलाच आलेय मी."

आता ती एका म्हाताऱ्या आजोबांकडे आहे. करार वकिलातीने तपासलेला, आठवड्याची सुट्टी ठरलेली. आजोबा कानातलं यंत्र काढून ठेवतात आणि तिच्या बोलण्यावर प्रेमाने मान डोलावतात. तिला चालतं.

सुट्टीच्या दिवशी ती वकिलातीच्या सभागृहात नव्याने आलेल्या बायकांना भेटते. परवा एक मुलगी कोपऱ्यात रडत होती. आत्या शेजारी जाऊन बसली आणि मशीनशी मारलेल्या गप्पा सांगू लागली. थोड्या वेळाने ती मुलगी पोट धरून हसत होती, आणि आत्या तिला मॅडमच्या खोलीचं दार दाखवत होती.