पितळी पेटीच्या मागची फट

शहापूरच्या बाजारात माझं दुकान होतं तेव्हा लोक मला पेटीवाले मिस्तरी म्हणत. दागिन्यांच्या नक्षीदार पितळी पेट्या मी केल्या आणि त्या चांगल्या दिसायच्या, हे खरं. पण पहिल्याच पेटीत मी एक चूक केली. ती मला दोन वर्षांनी कळली आणि त्यानंतर तीस वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. त्या चुकीपायी एका बाईला तिच्या घरात चोर ठरवलं गेलं.

मी मूळचा कोठ्या करणारा. भात साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या, ट्रंका, पाण्याचे पिंप. किन्हवलीजवळच्या एका गावातल्या मावशी माझ्याकडून कोठी न्यायच्या. मुलाचं लग्न झालं, सून धसईहून आली, घरात दागिने वाढले. एक दिवस त्या दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्तरी, दागिन्यांना पेटी करून द्या. लाकडाची नको, वाळवी लागते. पितळेची करा. आन वर मोर काढा."

"मावशी, मी कोठ्या करतो. मोर कुठला जमायला?"

"कोठीला झाकन जमतं, मंग मोर का नाय जमायचा?"

मोर काढून पाहिला. पत्र्याचा तुकडा राळेवर बसवायचा म्हणजे ठोकताना खालून आधार मिळतो, आणि बोथट छिन्नीने नक्षी उठवायची, एवढं मी भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे बसून शिकलो. मावशींनी माझा मोर बघितला आणि म्हणाल्या, "ही तलंग हाय. अंडी कधी घालते?" मग मी मोराचा नाद सोडला. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते घेतलं. झाकणावर चारी कडांनी भाताच्या लोंब्या, मधे मोहाची पानं गोलात. कागदावर तेरा वेळा आखलं तेव्हा लोंबी कोपऱ्यात नीट वळली. दाणे एकसारखे उठावेत म्हणून मी एका खिळ्याचं टोक घासून दाण्याएवढा ठसा केला.

पेटी वीतभर रुंद, दीड वीत लांब. आत उचलून काढता येईल अशी ताटली, खाली मोठा कप्पा, लाल मखमल, पुढे कडी आणि लहान कुलूप. तळ मी दुहेरी केला. खरा तळ खाली, त्याच्यावर अर्धं बोट अंतर सोडून दुसरा पत्रा, आणि त्याच्यावर मखमल, मागची कड सुटी ठेवून. हे कुणी सांगितलं नव्हतं. कोठीला मी तसंच करायचो. आमच्याकडे जमिनीला ओल सुटते, म्हणून कोठीचा आतला तळ उचललेला ठेवायचा आणि त्याच्या मागच्या कडेला आडवी फट सोडायची, म्हणजे हवा खेळते आणि भात सादळत नाही. फट किती ठेवायची? भाताचा दाणा घालून बघायचा. दाणा अडकला की फट बरोबर.

पेटीचीही फट मी दाणा घालूनच बघितली. दाणा अडकला. मी खूश झालो. दागिन्यांत दाण्याहून बारीक काही असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तोवर माझ्या हातून जे काही झालं होतं ते सगळं भातासाठीच होतं.

पेटी गावभर बघितली गेली. वर्षात मला तसल्याच सात पेट्यांची कामं आली.

त्याच सुमाराला मावशींच्या घरात एक वेल हरवला. वेल म्हणजे कानातल्या फुलापासून वर केसांत अडकवायची सोन्याची बारीक साखळी. जोडी होती, त्यातला एक गेला. सून तो जोड घालून धसईला भावाच्या लग्नाला गेली होती. परत आल्यावर तिने दोन्ही वेल सासूच्या हातात दिले, सासूने पेटीत ठेवले. दिवाळीला पेटी उघडली तर एकच. पेटीतलं सगळं चादरीवर ओतून बघितलं, ताटली काढून मखमलीवरून हात फिरवला. नाही मिळाला. किल्ली सासूच्या कमरेला असायची, पण पाणी भरायला जाताना ती सुनेकडे देत असे.

हे मला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांकडून कळलं. एक जण म्हणाला, "चोर असता तर जोडी नेली असती. एकच कोण नेतो?" दुसरा म्हणाला, "भावाच्या बायकोला दाखवायला नेला असंल, तिकडंच राहिला." मी पत्रा कापत होतो. ऐकून सोडून दिलं.

दोन वर्षांनी पेटीची बिजागरी तुटली. मावशींचा मुलगा रिकामी पेटी घेऊन आला, दुपारनंतर येतो म्हणून बाजारात गेला. मी बिजागरी काढायला पेटी उपडी केली आणि आत काहीतरी सरकलं. पेटी हलवली. पुन्हा सरकलं. भरलेल्या पेटीत सगळंच वाजतं, म्हणून त्यांना कधी ऐकू आलं नसणार. मखमलीची मागची कड उचलली, चिमटा घातला, आणि वेल बाहेर आला. त्यांच्या कपाटाचा खण अरुंद होता, पेटी मागच्या बाजूवर उभी ठेवत, हे मला नंतर कळलं. उभ्या पेटीत सगळं त्या फटीवरच येऊन बसणार. वेलाची आकडी आत गेली की पाठोपाठ साखळी.

तेव्हा सरळ रस्ता होता. मुलगा आला की त्याच्या हातात वेल द्यायचा आणि सांगायचं, माझ्या कामात खोट होती. एवढंच. पण सात घरांत तशाच सात पेट्या होत्या. पेटीवाला मिस्तरी दागिने गिळणाऱ्या पेट्या करतो, हे चार दिवसांत धसईपर्यंत गेलं असतं.

मी काय केलं ते सांगतो. फट कथलाने झाळून बंद केली. बिजागरी बसवली. आणि वेल खालच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, मखमलीच्या कडेखाली असा ठेवला की टोक थोडं दिसावं. दागिने भरताना मिळेल, सगळे म्हणतील इथेच होता, आम्हीच नीट बघितलं नाही. मला वाटलं मी दोघांचीही सोय केली, माझीही आणि त्या सुनेचीही.

पंधरा दिवसांनी मावशी दुकानात आल्या. चेहरा फुललेला.

"मिस्तरी, तुमची पेटी लय गुणाची. गेलेला वेल परत आला!"

"हो का? कुठे मिळाला?"

"पेटीतच. आनून ठेवला भवानीनं. पेटी घरी आली तवा पुसायला तिनंच घेतली ना! मी दागिने भरायला बसते तर ह्या कोपऱ्यात वेल. दोन वर्सं मी त्या कोपऱ्यात बोटं घातली, तवा नव्हता. आता कुठनं आला?"

मी म्हणालो, "मखमलीत अडकला असेल, मावशी."

"अडकला असंल! तुमी भोळे हाव. मी तिला बोलले, गो, आनलास ना, आता मी काय बोलत नाय. तर वर तोंड करून रडते."

त्या बोलत राहिल्या. मी मान हलवत राहिलो. माझ्या हातात झाळकामाची सळई होती, ती निखाऱ्यात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली.  तोपर्यंत तिच्यावर नुसता संशय होता. मी वेल ठेवला आणि पुरावा दिला.

बाकीच्या सात पेट्यांचं काय केलं तेही लिहितो, म्हणजे राहायला नको. पुढच्या चार महिन्यांत मी त्या सातही घरी गेलो, पितळ काळं पडतंय, फुकट उजळून देतो म्हणून पेट्या आणल्या आणि फटी बंद केल्या. लोकांनी माझं कौतुक केलं.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. दुकान आता माझा मुलगा बघतो, स्टीलची भांडी आणि पाण्याच्या टाक्या विकतो. मी पुढे खुर्ची टाकून बसतो. या माघात ती सून पेटी घेऊन आली. आता ती साठीला टेकली आहे, केस पांढरे. मुलाचं लग्न ठरलेलं.

"मिस्तरी काका, ही उजळून द्या. नव्या सुनेला द्यायची हाय. आन ही कडी, कुलूप काढून टाका."

"कुलूप का काढायचं, ताई? दागिने राहणार आत."

"राहू देत. तिच्या पेटीची किल्ली कुनाच्या कमरेला नको."

मी मुलाला चहा सांगायला पाठवलं आणि तिला सगळं सांगितलं. फटीपासून वेल ठेवण्यापर्यंत. पेटी उघडून, मखमलीची मागची कड उचलून झाळलेली जागा दाखवली. तिने त्या रेषेवरून बोट फिरवलं. चहा आला, तिने घेतला नाही.

"आत्या जिवंत होत्या तवा का नाय बोललात?"

मावशींना ती आत्या म्हणायची. भीती वाटली, असं म्हणालो.

"माझा भाऊ येत नाय, ठाव हाय तुमाला? पोराचं जावळ काढलं, मामाच्या मांडीवर बसवायचा, तर मामा नाय. शेजारच्या गावचा एक चुलत भाऊ धरून आनला. आता लगीन हाय." ती उठली. "माझ्याबरोबर धसईला चला. तुमच्या तोंडानं सांगा."

दोन दिवसांनी मुरबाडला गाडी बदलून आम्ही धसईला गेलो. भाऊ बाजारात काकड्यांच्या पाट्या उतरवून घेत होता. बहिणीला बघून थांबला, पण ये म्हणाला नाही. एका पाटीवर मला बसायला सांगितलं. मी सांगितलं. 

शेवटी म्हणाला, "आता सांगताय? बा जाऊन बारा वर्सं झाली."

"हो."

"बा तिच्या सासरी शपथ घ्यायला गेला तर सासू बोलली, वस्तू आली ना, आता शपथ कशाला? तसाच मागं फिरला. मंग मी बी पाय ठेवला नाय. बा काय बोलायचा? माझी पोर असं करायची नाय. आन एकदा बोलला, केलं असंल तर माझंच कायतरी चुकलं."

बहिणीने मान वर केली. "बा असं बोलला?"

"एकदाच. परत नाय बोलला."

ती काकड्यांकडे बघत राहिली. तिच्या वडिलांनाही शंका आली होती, हे तिला त्या दिवशी माझ्यामुळे कळलं. तेही मी इथे मांडतो.

भाऊ मला म्हणाला, "तोंडी नको. हितं सांगितलेलं किन्हवलीला जाईस्तोवर दुसरंच व्हतं. लिवून द्या. हळदीला मांडवात वाचू. समद्या भावकीसमोर. तुमी बी बसायचं."

"बसेन," मी म्हणालो.

मी तीन पानं लिहिली आणि आधी तिला दाखवायला नेली. तिने चष्मा लावून ओट्यावर सावकाश वाचलं. दुसऱ्या पानावर थांबली.

"हितं लिवलंय, आत्या स्वभावानं कडक होत्या म्हनून असं झालं. हे काढा. आत्यांनी जे बघितलं त्यावरनं त्या बोलल्या. दुसरं कोनी असतं तर तेच बोललं असतं."

मी खोडलं. तिसऱ्या पानावर ती पुन्हा थांबली.

"मी तुमाला माफ केलं, हे कवा झालं?"

"ताई, तुम्ही मला धसईला नेलंत, बरोबर बसलात, मला वाटलं—"

"मला भाऊ पायजे होता म्हनून नेलं. माफीचं मी काय बोलले नाय. काढा."

तेही खोडलं. तिने पानं परत दिली आणि म्हणाली, बाकी बरोबर आहे.

हळदीच्या दिवशी मांडवात गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ती पानं वाचली. भाऊ आला होता, मुलगे आणि सुना घेऊन. बँजोवाल्यांना थांबवलं होतं, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी पुढच्याच खुर्चीत होतो. गुरुजींचं वाचून झालं. मग माझ्या पाठीमागून एका बाईचा आवाज आला, "हेच का गो ते मिस्तरी?"

"हेच," दुसरी म्हणाली.

मी मागे वळलो नाही. समोर पाट मांडला होता. नवरदेव पाटावर बसला, त्याचा मामा शेजारी जाऊन उभा राहिला, आणि बायका हळदीच्या वाट्या घेऊन पुढे आल्या तेव्हा त्यांना वाट द्यायला मी खुर्ची बाजूला घेतली.